धागा: गाठ दाखवणारे आणि जाळणारे पॉलिमरचे नॅनोकण, यातलं माणसांपर्यंत किती पोचलंय?

सायली_कळवा | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिलं फार कमी. आज आईसाठी लिहितेय.

आईला स्तनाचा कॅन्सर आहे. परळला उपचार चालू आहेत. लाल औषधाचे चार डोस झाले, आता दर बुधवारी पॅक्लिटॅक्सेल ही केमो. बारातले सहा झाले. केस गेले तेव्हा तिने धीराने घेतलं. पण आता बोटांना सतत मुंग्या येतात. परवा ब्लाऊजचे हूक लागेनात म्हणून आतल्या खोलीत बसून रडली. बुधवारी पहाटे कळव्याहून निघायचं, अंधार पडल्यावर परत यायचं, गुरुवार-शुक्रवार अंगात त्राण नसतं. ती म्हणते, "सायले, आता पुरे."

अशात दादाला कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. पॉलिमरचे नॅनोकण शिरेतून सोडतात, ते थेट गाठीत जाऊन बसतात, कॅमेऱ्यात चमकतात, मग त्यांच्यावर लेझर मारला की तापून गाठ जाळतात, बाकीच्या शरीराला काही होत नाही, असं त्यात दाखवलंय. खाली एका क्लिनिकचा नंबर होता. दादाने फोन केला. तिथला माणूस म्हणाला, आधी केमो बंद करा, शरीर साफ होऊ दे, मग आमचा नॅनोचा कोर्स सुरू करू. निम्मे पैसे आगाऊ भरायचे.

दादा भरायला निघाला होता. मी शुक्रवारपर्यंत थांबवलंय. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. असे कण खरोखर असतात का? आणि असतील तर आईला ते आज मिळू शकतात का?

दत्ता_गिरगाव | सोमवार, रात्री ११:१५

सायली, विज्ञान जाणकार सांगतील. मी एवढंच सांगतो, केमो थांबवू नका आणि पैसे भरू नका.

माझ्या धाकट्या भावाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन चांगलं झालं, पुढे आठ केमो सांगितल्या. चौथ्यानंतर तो कंटाळला आणि एका ठिकाणी जायला लागला. तिथे पुड्या द्यायचे, त्यावर 'नॅनो' असं छापलेलं असायचं. तीन महिने घेतल्या. पुढच्या स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसले. केमो पूर्ण केली असती तर ते आलेच नसते असं कुठल्याही डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण ते तीन महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी तेव्हा त्याच्याबरोबर एकदाही ओपीडीत गेलो नव्हतो. तुम्ही जाताय, विचारताय, हे फार चांगलं करताय.

मृण्मयी_पवई | मंगळवार, सकाळी ७:३०

रात्रीच वाचलं होतं, पण घाईत लिहायचा विषय नव्हे म्हणून आत्ता बसलेय. पॉलिमर हा माझा रोजचा विषय. पीएचडी प्रकाशाने तापणाऱ्या पॉलिमरवरच केली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, आईला असा उपचार आज कुठलंही क्लिनिक देऊ शकत नाही. जो देतो म्हणतो तो खोटं बोलतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'हो, असे कण असतात' असं आहे. व्हिडिओतलं विज्ञान खरं आहे, म्हणूनच तुमच्या दादासारखा विचारी माणूसही त्याला भुलतो.

पॉलिमर म्हणजे मण्यांच्या माळेसारखा लांबलचक रेणू. कापूस, पिठातला स्टार्च, रबर ही सगळी पॉलिमरच. त्यातल्या काही माळा अशा असतात की त्यांच्यातून इलेक्ट्रॉन धावू शकतात. त्यांना सेमीकंडक्टिंग पॉलिमर म्हणतात. माळेत एक मणी इलेक्ट्रॉन देणारा आणि पुढचा घेणारा असे आळीपाळीने ओवले, की ती माळ प्रकाशाचा कुठला रंग शोषणार ते आपल्याला ठरवता येतं. आम्हाला हवा असतो लाल रंगाच्या थोडा पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश. मोबाइलचा टॉर्च बोटामागे धरून बघा, बोट लाल दिसतं. निळा-हिरवा प्रकाश रक्तात अडकतो, लाल पार होतो. लालच्या पलीकडचा आणखी बरा जातो.

आता या कणाने प्रकाश शोषला. त्या ऊर्जेचं पुढे काय? ती पुन्हा प्रकाश होऊन बाहेर पडली तर कण चमकतो आणि कॅमेऱ्याला दिसतो. उष्णता होऊन खर्च झाली तर कण तापतो आणि भोवतालच्या पेशी भाजतो. एकाच पगारातले हे दोन खर्च आहेत. चमक वाढवावी तर ताप घटतो, ताप वाढवावा तर चमक जाते. म्हणून एकाच कणात दोन वेगळ्या माळा गुंडाळायच्या, एक चमकणारी आणि एक तापणारी, असा मार्ग प्रयोगशाळांनी काढला. त्यातही दोन्ही फार जवळ आल्या तर चमकणारीची ऊर्जा तापणारी ओढून घेते. त्यांना एकत्र पण हात राखून ठेवण्यात माझी दोन वर्षं गेली.

आणखी एक वाट आहे, मला स्वतःला ती जास्त आवडते. लेझर सलग न मारता अतिशय छोट्या ठोक्यांनी मारला, की कण दर ठोक्याला किंचित तापून फुगतो आणि त्यातून आवाजाची लाट निघते. ती सोनोग्राफीसारख्या यंत्राने पकडायची. इथे उष्णतेतूनच चित्र मिळतं, त्यामुळे दोन खर्चांचं भांडण मिटतं. २०१४ साली स्टॅनफर्डच्या गटाने सेमीकंडक्टिंग पॉलिमरच्या कणांनी जिवंत उंदरांमध्ये हे करून दाखवलं.

उंदरांमध्ये. हा शब्द व्हिडिओत नव्हता ना?

ऑफिसला निघायचंय. प्रकाशाची मर्यादा आणि बाकीचं संध्याकाळी लिहिते.

अनघा_डोंबिवली | मंगळवार, दुपारी १:०५

मृण्मयी, फार छान समजावलंत. एक शंका. पॉलिमर म्हणजे शेवटी प्लास्टिकच ना? एरवी आपण मायक्रोप्लास्टिकच्या नावाने काळजी करतो आणि इथे तेच शिरेतून सोडायचं?

किशोर_वसई | मंगळवार, दुपारी २:४०

माझाही एक प्रश्न. कण 'थेट गाठीत' जातात म्हणजे कसे? त्यांना कोण सांगतं की गाठ कुठे आहे?

मृण्मयी_पवई | मंगळवार, रात्री ९:२०

अनघा, शंका रास्त आहे. सगळे पॉलिमर सारखे नसतात. ऑपरेशननंतर घालतात ते विरघळणारे टाके आठवा. त्यातला एक नेहमीचा प्रकार लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लाच्या माळेचा असतो. पाण्याने ती माळ तुटते आणि दोन्ही आम्लं शरीर पचवून टाकतं. याच जातीच्या पॉलिमरमध्ये औषध कोंडून प्रोस्टेट कॅन्सरचं महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शन अमेरिकेत १९८९ पासून वापरात आहे. औषध वाहून नेणारे बरेचसे कण याच घराण्यातले. प्रकाशाने तापणाऱ्या माळा मात्र कार्बनच्या पक्क्या बंधांच्या असतात, त्या अशा सहज तुटत नाहीत. त्या यकृतात आणि प्लीहेत साठून राहतात, आणि माणसात वापरायला परवानगी मागताना पहिला प्रश्न त्याचाच येतो. आता सहज तुटणारे दुवे मुद्दाम ओवून अशा माळा करायचं काम चालू आहे.

किशोर, तुमचा प्रश्न या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

कणाला कोणी काही सांगत नाही. गाठ वेड्यासारखी वाढते, तिच्या रक्तवाहिन्याही घाईघाईत तयार झालेल्या असतात. त्यांच्या भिंतींना फटी असतात. रक्तातून फिरणारा शंभरेक नॅनोमीटरचा कण निरोगी रक्तवाहिनीतून बाहेर पडत नाही, पण या फटीतून पडतो. शिवाय आत आलेलं बाहेर वाहून नेणारी लसिकांची व्यवस्था गाठीत धड नसते. पावसाळ्यात मुंबईतल्या हिंदमाता चौकात काय होतं? चहूकडून पाणी येतं आणि निचऱ्याला वाट नसते, तसंच. १९८६ साली जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी हे मांडलं. त्यांनी वापरलेलं औषधही पॉलिमरला जोडलेलं होतं. पुढे जपानमध्ये यकृताच्या कॅन्सरसाठी ते लिपिओडॉल नावाच्या तेलात मिसळून यकृताच्या धमनीतून देत. लिपिओडॉल एक्स-रेत दिसतं. म्हणजे औषध गाठीत कुठवर पोचलं ते डॉक्टरांना चित्रात दिसायचं. दाखवणं आणि मारणं एकत्र, तेही त्या काळात. मला याचं अजून अप्रूप वाटतं.

पण हिंदमाताची गोष्ट पूर्ण सांगायला हवी. गाठीच्या आत पाणी तुंबून दाब वाढतो आणि तो दाब नव्याने येणाऱ्यालाही बाहेर ढकलतो. कडेला कण जमतात, गाभ्यात फारसे पोचत नाहीत. वाटेत यकृत आणि प्लीहा बसलेले असतात, ते परक्या कणांना गिळतात. २०१६ साली टोरांटोच्या एका गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले. शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. साध्या औषधाचाही फार मोठा वाटा गाठीत जातो असं नाही, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचा. पण 'थेट गाठीत' हे शब्द मात्र त्याच्यापुढे टिकत नाहीत.

आणि उंदराचं म्हणाल, तर २० ग्रॅमच्या उंदराला १ ग्रॅमची गाठ म्हणजे ६० किलोच्या बाईला ३ किलोची. ती गाठ काही आठवड्यांत वाढवलेली असते, फटींनी भरलेली. माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढते.

सायली, आता लेझरबद्दल. हा प्रकाश शरीरात एक-दोन सेंटिमीटरपर्यंत कामाचा राहतो, पुढे विरतो. त्याहून खोल जायचं तर सुईतून फायबर घालावी लागते, किंवा मोठ्या आतड्यासारख्या जागी दुर्बिणीतून न्यावा लागतो. माणसांवरचं एक काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालंय. ते पॉलिमरचं नव्हतं, सोन्याचं कवच असलेले कण होते. प्रोस्टेट कॅन्सरचे १६ रुग्ण, आणि लेझरची फायबर थेट ग्रंथीत घातलेली. आईला केमो कशासाठी देतायत? दिसणाऱ्या गाठीबरोबरच अंगभर कुठे चुकार पेशी गेल्या असतील तर त्यांच्यासाठी. लेझर त्यांच्यापर्यंत पोचणार कसा, त्या कुठे आहेत हेच कोणाला माहीत नसताना? हा एक प्रश्न दादाने त्या क्लिनिकला विचारावा.

रानवारा | मंगळवार, रात्री १०:३५

माझा अनुभव लिहू का? विषयाला धरून आहे असं वाटतं.

मला थायरॉइडचा कॅन्सर होता. ऑपरेशननंतर परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये किरणोत्सारी आयोडीन दिलं. घोटभर औषध, बस. मग एकटीची खोली. जेवण दारात. भरपूर पाणी प्यायचं, फ्लश दोनदा करायचा, कोणाला जवळ घ्यायचं नाही. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, त्यामुळे घरी आल्यावरचे दिवस जास्त कठीण गेले.

काही दिवसांनी स्कॅन झाला. तिथल्या डॉक्टरबाईंनी पडद्यावर गळ्याजवळचा काळा ठिपका दाखवला. म्हणाल्या, "हे उरलेलं थायरॉइड आहे. जे औषध आम्हाला हे दाखवतंय, तेच ते जाळतंय." मी दहावीपर्यंत शिकलेली बाई, पण ते वाक्य मला लख्ख समजलं. सायलीच्या व्हिडिओत सांगितलं ते हेच ना?

समस्थानिक | बुधवार, सकाळी ६:१०

रानवारा, हेच ते. तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. मी न्यूक्लियर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ आहे, ड्युटीला जाता जाता लोकलमध्ये लिहितोय.

आयोडीन-१३१ मधून दोन गोष्टी निघतात. बीटा कण सरासरी मिलिमीटरभरही जात नाहीत, ते पेशी मारतात. गॅमा किरण शरीराबाहेर येतात, ते कॅमेरा टिपतो. आणि थायरॉइडच्या पेशीला आयोडीनची भूकच असते, त्यामुळे पत्ता शोधायची अडचण नाही. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ च्या जानेवारीत थायरॉइडच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन पहिल्यांदा दिलं. आपल्याकडे परळचं हे केंद्र बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) १९६३ मध्ये सुरू केलं. देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉनही, म्हणजे स्कॅनसाठी किरणोत्सारी खुणा बनवणारं यंत्र, तिथेच २००२ मध्ये आला. या दाखवा-आणि-मारा पद्धतीला आता थेरानोस्टिक्स म्हणतात. प्रोस्टेटसाठी आणि न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींसाठी किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ देतात, तेही याच तत्त्वावर. ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं.

नॅनोकणांबद्दल माझ्या बाजूने एक भर घालतो. प्रकाशापेक्षा किरणोत्सारी खूण लावली तर खोलीची अडचण उरत नाही, ती खूण टिपणारा पेट (PET) स्कॅन अंगभर बघतो. पण घड्याळ जुळावं लागतं. पेटसाठी नेहमीचं फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, गॅलियम-६८ तर ६८ मिनिटांनीच. नॅनोकण गाठीत जमायला एक-दोन दिवस घेतो. कण पोचेपर्यंत खूणच विझलेली. म्हणून तांबं-६४ लावतात, साडेबारा-पावणेतेरा तासांचं, किंवा झिर्कोनियम-८९, सव्वातीन दिवसांचं. कणाची चाल आणि खुणेचं आयुष्य जुळवणं हे अर्धं काम आहे.

दादर आलं. बाकी नंतर.

मृण्मयी_पवई | बुधवार, रात्री ९:४५

समस्थानिक यांनी तांबं-६४ चं नाव काढलं, म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आता लिहिते. या क्षेत्रात बहुतेकांचं लक्ष 'जाळणं' या भागावर असतं. मला वाटतं खरी किंमत 'दाखवणं' या भागाची आहे.

२०१७ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कण पॉलिमरचे नव्हते, लायपोसोम होते, म्हणजे चरबीच्या पडद्याच्या पुड्या. आत डॉक्सोरुबिसिन, सायलीच्या आईंना दिलेलं तेच लाल औषध. त्यांना तांबं-६४ जोडलं आणि पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या १९ स्त्रियांचे पेट स्कॅन काढले. प्रत्येक गाठीत औषध किती उतरलं ते मोजलं. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यात सुमारे ३५ पटींचा फरक होता. ज्यांच्या गाठीत जास्त उतरलं त्यांना गुण येण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

पस्तीस पट! एकच औषध, एकाच प्रकारचा आजार. काही गाठी हिंदमातासारख्या असतात, तर काही मलबार हिलच्या उतारासारख्या, पाणी ठरतच नाही.

आता असा विचार करा. एखाद्या बाईला आधी अगदी थोडे, फक्त दिसणारे कण दिले. दोन दिवसांनी स्कॅन केला. गाठीत उतरले नाहीत असं दिसलं, तर तिला महागड्या नॅनोऔषधाच्या फेऱ्यांतून न्यायचंच नाही, दुसरा मार्ग धरायचा. जिच्या गाठीत उतरले तिला तेच द्यायचं. आज हे आपल्याला तीन महिन्यांनी, दुसऱ्या स्कॅनमध्ये कळतं. तोवर हाता-पायांच्या मुंग्या, उलट्या, पैसा, रजा, सगळं खर्च होऊन गेलेलं असतं.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगते. याच लायपोसोममधल्या औषधाची मोठी चाचणी २०१६ च्या शेवटी थांबवली, कारण प्रचलित उपचारापेक्षा फायदा दिसत नव्हता. पॉलिमरच्या कणांचंही एक ठळक उदाहरण आहे. बॉस्टनजवळच्या एका कंपनीने प्रोस्टेटच्या पेशीचा पत्ता लावलेले पॉलिमर कण माणसांच्या चाचण्यांपर्यंत नेले होते. २०१६ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. रस्ता असा आहे.

किशोर_वसई | गुरुवार, सकाळी १०:००

मृण्मयीताई, तुम्ही आकडे लपवत नाही याबद्दल आदर आहे. पण मग मला वेगळं म्हणायचंय आणि ते मनापासून म्हणतोय.

तीस-चाळीस वर्षं उंदीर बरे होतायत. याच मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमध्ये एक अभ्यास केला. सुमारे दीड लाख स्त्रिया. निम्म्या भागात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करायच्या. मशीन नाही, लेझर नाही. २०२१ मध्ये निकाल छापून आला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. माझी बायको आशा सेविका आहे, म्हणून हे मला तोंडपाठ आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊन बघा, गावाकडून आलेल्या किती जणी गाठ वर्षभर अंगावर काढून आलेल्या असतात. पैसा आणि हुशारी आधी तिथे लागली पाहिजे.

मृण्मयी_पवई | गुरुवार, रात्री १०:१०

किशोरदादा, तुमच्या मुद्द्याशी मी भांडणार नाही. पहिला रुपया तपासणीला गेला पाहिजे हे मान्य. माझ्या आत्याने गाठ आठ महिने लपवली होती, तेव्हा हे मला घरातून माहीत आहे.

पण लवकर सापडूनही काहींचा आजार परत येतो, आणि ज्यांचा आधीच पसरलाय त्यांना तपासणीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी कोणीतरी काम करत राहायला हवं. आणि सगळंच उंदरापाशी अडकलंय असंही नाही. पॉलिमरच्या पुडीतलं पॅक्लिटॅक्सेल दक्षिण कोरियात २००७ पासून मिळतं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला पॉलिसिलोक्सेनच्या (सिलिकॉन-ऑक्सिजनच्या पॉलिमरच्या) जाळीत गॅडोलिनियम हा धातू बसवलेले पाचेक नॅनोमीटरचे कण मेंदूत कॅन्सर पसरलेल्या १५ रुग्णांना दिले, तो अहवाल २०२० चा. गॅडोलिनियममुळे गाठ एमआरआयमध्ये उजळते आणि तेच रेडिएशनचा मारा गाठीत वाढवतं. कण इतके छोटे की मूत्रपिंडातून गाळून निघून जातात. पुढच्या चाचण्या चालू झाल्या. दाखवणारा आणि मारायला मदत करणारा पॉलिमरचा कण माणसापर्यंत आलाय तो असा, लेझरशिवाय.

प्रयोगशाळा आणि इस्पितळ हातात हात घालून चालले तर काय होतं ते आपल्या शहरानेही पाहिलंय. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून आणलेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. तो नॅनोकणांचा नाही, रक्ताच्या कॅन्सरसाठी स्वतःच्याच पेशी बदलून देण्याचा आहे. पण अंतर पवई ते परळ एवढंच होतं, आणि ते कापायला वर्षं लागली.

सायली_कळवा | शुक्रवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाला पूर्ण धागा वाचायला लावला. त्याने क्लिनिकला मृण्मयीताईंचा प्रश्न विचारला, चुकार पेशींपर्यंत लेझर कसा पोचणार म्हणून. समोरच्याने फोन ठेवला. पैसे भरले नाहीत.

परवा बुधवारी परळला गेलो तेव्हा आईच्या बोटांचं नीट सांगितलं. आजवर ती डॉक्टरांसमोर "बरं आहे" एवढंच म्हणायची. त्यांनी तिला सदऱ्याचं बटण लावायला सांगितलं, टाचणीने टोचून बघितलं, आणि हा आठवडा डोस दिला नाही. पुढच्या बुधवारपासून कमी डोस देणार. हे आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले.

मी त्यांना विचारलं, नॅनोकणातलं पॅक्लिटॅक्सेल दिलं तर मुंग्या थांबतील का?

मृण्मयी_पवई | शुक्रवार, रात्री ९:००

काय म्हणाले?

सायली_कळवा | शुक्रवार, रात्री ९:१५

नाही म्हणाले. अल्ब्युमिन या प्रथिनाच्या कणातलं पॅक्लिटॅक्सेल मिळतं. त्यात ते विरघळवायला वापरतात तो तेलकट पदार्थ नसतो, त्यामुळे ॲलर्जीची भीती कमी. पण मुंग्या मुख्यतः पॅक्लिटॅक्सेलच्याच, त्या त्यातही येतात. आईला ॲलर्जी झालेली नाही, त्यामुळे बदलायचं कारण नाही.

समस्थानिक | शनिवार, सकाळी ७:००

अगदी बरोबर सांगितलं त्यांनी. पुढे कुणी 'चाचणीत घेतो' म्हणालं तर, सायली आणि वाचणारे सगळेच, सीटीआरआय या सरकारी नोंदणीत ती चाचणी शोधा. जून २००९ पासून प्रत्येक चाचणीची नोंद तिथे सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागा, एथिक्स कमिटीचं नाव मागा. संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नाही, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आगाऊ पैसे मागणारी चाचणी दिसली की तिथून उठा.

सायली_कळवा | शनिवार, दुपारी ४:४०

लिहून ठेवलं, दादाच्या फोनमध्येही टाकलं.

आईलाही धागा वाचून दाखवला. मण्यांची माळ तिला आवडली. रानवाराताईंचा प्रतिसाद मात्र तिने दोनदा वाचायला लावला. तिने विचारलंय की त्या खोलीत एकटीने दिवस कसे काढलेत?

रानवारा | शनिवार, संध्याकाळी ६:२०

आईंना सांगा, पहिले दोन दिवस खिडकीतून परळचे रस्ते बघण्यात गेले. जुनी मासिकं नेली होती, ती वाचली. बाहेर आणायची परवानगी नव्हती म्हणून तिथेच टाकून आले. रात्री मुलगा फोनवर 'आई, तू आता चमकतेस का?' असं रोज विचारायचा. मी रोज हो म्हणायचे. बुधवारी डोस झाला की कसं वाटतंय ते नक्की कळवा.